खाली म्हणून विकलेली घोडी

पहाटे सव्वापाचला मोरणी व्याली. साखरपुडा अकराचा होता.

मांडव म्हसावदच्या घरामागच्या खळ्यात घातला होता आणि मोरणी त्याच खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली बांधलेली होती. पाहुणे आदल्या संध्याकाळी तळोद्याहून आले होते. माणसं दोन गाड्यांतून, घोडी टेम्पोतून. अकरा वाजता नवरदेव कुंदनने तिच्यावर बसून वेशीपासून मांडवापर्यंत यायचं, असं त्याच्या वडिलांनी, करणसिंगांनी, ठरवलं होतं. घोडी लग्नात असते, साखरपुड्यात नसते, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. करणसिंगांचं म्हणणं एकच होतं. घोडी याच खळ्यातली, आपण विकत घेतलेली. आता कशी झाली आहे ते इथल्या लोकांनी पाहिलंच पाहिजे.

कशी झाली आहे ते सगळ्यांत आधी नवरीने, रुचिकाने पाहिलं. मेंदी धुवायला ती हौदाशी आली तेव्हा उजाडलं नव्हतं. मोरणी बसलेली दिसली म्हणून ती जवळ गेली. गवतात काहीतरी ओलं, काळसर, हलणारं होतं आणि मोरणी ते चाटत होती. रुचिकाने लगेच कुणाला हाक मारली नाही. सहा वर्षांपूर्वी तिची वकिलीची सनद आणि ही घोडी एकाच महिन्यात घरात आली होती. आजोबांनी, म्हणजे रायसिंग आप्पांनी, दोन्हींची मिरवणूक एकदमच काढली होती. ती थोडा वेळ तिथेच उकिडवी बसून राहिली. मग ओसरीत जाऊन तिने भावाची खाट हलवली.

"भाऊ, ऊठ. मोरणी व्यायनी."

भाग्येशने डोळे न उघडता उत्तर दिलं. "ती खाली शे." खाली, म्हणजे गाभण नसलेली.

"मंग तिले जाईसन सांग."

थोड्याच वेळात लग्नघर खळ्यात जमलं. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या खांद्यावर टॉवेल. पहिला प्रश्न मोहनबाईंनी विचारला. त्या करणसिंगांच्या थोरल्या बहीण. तळोद्याच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

"सूर्य उगेल व्हता का?"

"नई आत्याबाई, अंधारच व्हता," रुचिका म्हणाली.

"मंग चांगलं. दिवसना घोडी व्याली ते घरले सोसत नई." त्यांनी शिंगरावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "नर शे का मादी?"

"मादी."

"लक्ष्मी उनी वं माय." मोहनबाई हसल्या. खळं हसलं. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं आणि त्या भावाकडे वळल्या. "पन जिभाऊ, घोडी ते खाली व्हती ना?"

करणसिंग उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते. गेले पाच महिने ते भेटेल त्याला सांगत होते की रायसिंग आप्पांकडे घोडी वाळली होती, ती आपल्या दाण्यावर भरली. काल टेम्पोतून उतरवताना त्यांनी सगळ्या गल्लीसमोर तिच्या पोटावर थाप मारली होती आणि म्हटलं होतं, "देखा, हाई मन्हा हरभरा शे." आप्पांना ते लागलं होतं. रात्री ते जेवले नव्हते.

"जिभाऊ," भाग्येश म्हणाला, "तुमना हरभराले पाय फुटनात."

म्हसावदची बाजू हसली. तळोद्याची नाही.

आप्पा काठी टेकत पोचले. गुडघे गेल्यापासून त्यांना मांड ठोकता येत नव्हती; म्हणूनच मोरणी विकली होती. त्यांनी शिंगराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की रुचिकाला ते एकदम वीस वर्षांनी लहान वाटले. मग करणसिंग त्यांच्या नजरेला पडले आणि चेहरा मिटला.

डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत दोघांनी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवला होता. त्यानंतर त्यांच्यातली एक रीत होती. विकणारा घोड्याची आयाळ मुठीत धरतो आणि जनावराचं खरं-खोटं चारचौघांत बोलून टाकतो. आयाळ धरून बोललेल्यावर पुन्हा प्रश्न नसतो. आप्पांनी मोरणीची आयाळ धरून सांगितलं होतं: चावत नाही, लाथ मारत नाही, अंगावर खोड नाही आणि घोडी खाली आहे, तिला घोडा दाखवलेलाच नाही. त्याच बाजारात कुंदनने रुचिकाला पाहिलं. दोन महिन्यांनी सुपारी फुटली.

"आप्पासाहेब," करणसिंग म्हणाले, "तुम्हीन आयाळ धरेल व्हती."

"धरेल व्हती."

"आन घोडी गाभन निंघनी."

"निंघनी." आप्पा काठीकडे पाहत होते. "माले माहीत नई, जिभाऊ. देवनी आन."

"माहीत नई," मोहनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि रुचिकाला कोर्टाच्या सवयीने तो जास्त धोक्याचा वाटला. "घरनी घोडी, आन माहीत नई. घोडी खाली शे म्हनीसन तुम्हीन सांगं. लगीन व्हयनं की पोर वकिली सोडी, हाई बी तुम्हीनच सांगं. आते आमी काय समजानं? त्यामां बी काही पोटमां शे का?"

खळ्यात कुणीतरी हळूच खोकलं. रुचिकाने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पाहिलं नाही.

तिला हे माहीत नव्हतं.

*

स्वयंपाकघरात तुळशीबाईंनी पाहुण्यांच्या चहाचं मोठं पातेलं खाली उतरवून त्याच चुलीवर बाजरी शिजत घातली होती. "बाळंतीण आधी, पाव्हना मंग," म्हणत त्यांनी त्यात गुळाचा खडा टाकला. रुचिका दारात उभी राहिली.

"आई, आप्पांनी असं सांगितलं होतं?"

तुळशीबाई पातेल्यात ढवळत राहिल्या. "सुपारीना दिनले. बैठकमां. तुना बाप ऱ्हाता ते त्यानी तुले इचारं असतं." वीरसिंग जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून घराच्या वतीने शब्द द्यायचं काम आप्पांचं होतं आणि ते काम त्यांनी कधी टाळलं नव्हतं.

"तू का नाही बोललीस?"

"माले वाटनं, कुंदनले तू सांगेल व्हई."

सांगितलं होतं. फेब्रुवारीत, शहाद्याच्या रसवंतीवर. मी शहाद्याला प्रॅक्टिस करते, आठवड्यातले दोन दिवस घाट चढून धडगावच्या कोर्टात जाते, लग्नानंतरही जाणार. कुंदनने रसाचा ग्लास खाली ठेवून विचारलं होतं, घाटात गाडी लागते का? एवढंच. तेव्हाच तिला तो आवडला होता. म्हणजे मुलाला माहीत होतं आणि मुलाच्या बापाला नेमकं उलट सांगितलेलं होतं. दोन्ही घरांनी तीन महिने याच अवस्थेत साड्या घेतल्या होत्या.

भाग्येश आत आला आणि बाजरीतला गूळ बोटाने काढून चाटला. तो विम्याचा एजंट होता. शहादा तालुक्यातल्या निम्म्या म्हशी आणि पाव माणसं त्याच्याकडे उतरवलेली होती.

"रुची, गप ऱ्हाय," तो म्हणाला. "आज कोनीच तुले सवाल करेल नई. सवाल आप्पासले व्हता."

"माणसाच्या विम्यात तू असंच सांगतोस का? विचारलं नाही तर सांगू नका?"

"इमामां नई. इमामां न इचारता बी सांगनं पडस. बीपी, शुगर, बापले काय व्हतं, सम्दं. कंपनीले तुना पोटमानलं दिखत नई, म्हनीसन. आन दपाडं ते क्लेम गया." मग त्याने आवाज खाली आणला. "पन एक गोट शे. जीवनविमाले तीन वरीस पुरा व्हयनात ना, मंग कंपनी काहीच उकरू सकत नई. कायदाच शे. तू लगीन कर, तीन वरीस चूप बस, मंग आरामशीर धडगावले जा."

तुळशीबाई तोंडावर पदर धरून हसल्या. रुचिकालाही हसू आवरलं नाही. पण हसता हसता तिच्या मनात ते अडकून बसलं. घोडीचा सौदा करताना घेणाऱ्याने दात पाहायचे, पाय उचलायचे, पळवून बघायचं. विकणाऱ्याने न बोललेलं बहुतेक वेळा चालून जातं. विमा उतरवताना सगळं आपणहून सांगायचं. सोयरीक यांतल्या कुठल्या रांगेत बसते?

बाहेरून आप्पांचा आवाज आला. ते करणसिंगांना बसा म्हणत होते आणि करणसिंग बसत नव्हते.

*

साडेसहाला ऊन मांडवाच्या कापडावर आलं. शिंगरू दोनदा उठून दोनदा आडवं झालं होतं. तिसऱ्यांदा ते चार पाय चार दिशांना टाकून उभं राहिलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बायकांनी एकदमच श्वास सोडला. मग पुन्हा दोन बाजू झाल्या.

"घरमां वकील शे ना?" मोहनबाई म्हणाल्या. "तिलेच इचारा. पोरी, तू कोनाकडनी वकील?"

"अकरापर्यंत इकडची, नंतर तिकडची," रुचिका म्हणाली. "विचारायचं ते आत्ताच विचारा."

मोहनबाईंच्या ओठांची एक कड हलली. "मंग सांग. कायदामां हाई काय शे?"

रुचिकाने कोर्टाची मराठी काढली. घरात ती अहिराणीतच बोलायची. पण कायदा तिने कधी अहिराणीत वाचला नव्हता आणि शिवाय या मराठीत कुणाचा आवाज चढत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"खोटं आहे हे माहीत असून सांगितलं, तर ते कपट. खरं वाटलं म्हणून छातीठोक सांगितलं, पण खात्री करून घेतली नव्हती आणि ते चुकीचं निघालं, तर ते कपट नाही. त्याला मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात. सांगणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पण ऐकणाऱ्याने त्यावर भरवसा ठेवून व्यवहार केला, तर त्याला तो मोडता येतो."

"म्हंजे आप्पासाहेब खोटा नईत," करणसिंग म्हणाले.

"नाहीत. चुकले. मोडायचा की ठेवायचा, हे फक्त तुम्ही ठरवायचं. आप्पांना तो हक्क नाही."

"मंग मोडा जिभाऊ," आप्पा एकदम म्हणाले. "तुमना पैसा आजच ल्या. घोडी आठेच राहू द्या."

ते इतक्या चटकन म्हणाले की सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आप्पांची नजर मोरणीवर होती. शिंगरू तिच्या पोटाखाली नाक घालून दूध शोधत होतं, नको तिथे शोधत होतं, आणि आप्पा दर चुकीला मान डोलावून त्याला मनातल्या मनात वाट सांगत होते. करणसिंगांचे डोळे बारीक झाले.

"तुमले इतली घाई काबर शे?"

"माले कसानी घाई? तुम्हीन फसनात म्हनीसन..."

"मी कोठे म्हनं, मी फसनू?"

"आत्तेच म्हनी ऱ्हायंतात."

"मी इचारी ऱ्हायंतू."

मोहनबाईंनी भावाकडे रोखून पाहिलं. सकाळपासून त्या त्याची बाजू लढवत होत्या आणि आता अशील फिरत होता. रुचिकाने असे अशील पाहिले होते.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "ज्याला चुकीचं सांगितलं, त्याला साधं लक्ष देऊन खरं कळण्यासारखं असेल, तर कायदा त्याला मोडू देत नाही. म्हणजे जिभाऊंना मोडायचं असेल तर त्यांनी सांगायला हवं की घोडी गाभण आहे की नाही, हे त्यांना ओळखता येण्यासारखं नव्हतं."

खळ्यात निम्मं तळोदं उभं होतं. चालीवरून घोड्याच्या आज्याचं नाव सांगतो, असं ज्यांच्यापुढे करणसिंग वर्षानुवर्षं म्हणत आले होते, ते सगळे होते.

"सांग ना रे भो," मोहनबाई म्हणाल्या.

करणसिंगांनी मिशीला हात लावला. "पहिलं वेत व्हतं. पहिला वेतले पोट दिखत नई."

"दिखत नई कसं? काल रातले तूच ते सम्दी गल्लीले दखाडी ऱ्हायंता."

आधी कोण हसलं ते कळलं नाही. बहुधा मांडवावर चढलेला मंडपवाला. मग दोन्ही बाजू हसल्या, आणि आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा करणसिंगही मिशीच्या आत हसत होते. दोन घोडेवाले, एकाने सहा वर्षं आणि दुसऱ्याने पाच महिने सांभाळलेली घोडी, आणि दोघांनाही पत्ता नाही. एक म्हणत होता मी वाळवली नाही, दुसरा म्हणत होता मी भरवली. घोडीला कुणी विचारलं नव्हतं.

कुंदन या सगळ्यात हौदाच्या कठड्यावर, घोडीपासून सुरक्षित अंतर राखून बसला होता. तो आता उठला, दोन पावलं पुढे आला आणि शिंगराच्या तोंडाकडे निरखून पाहू लागला. कपाळावरचा पांढरा पट्टा सरळ खाली येण्याऐवजी डाव्या नाकपुडीकडे वळला होता.

"हे तोंड मी ओळखतो," तो म्हणाला. "बापू, हाई आपला बादल शे."

बादल हा करणसिंगांचा घोडा. गेल्या जूनमध्ये म्हसावदच्या एका वरातीसाठी तो आणला होता. त्याच वरातीत करणसिंगांनी मोरणी पहिल्यांदा पाहिली होती आणि यात्रेत तिच्यासाठी आप्पांना शोधत आले होते. कुंदनने मोबाइलवर त्या वरातीचा फोटो शोधून सगळ्यांपुढे धरला. तोच पट्टा, तेच वळण.

"त्या रात्री बादल कुठे बांधला होता?" रुचिकाने विचारलं.

"आठेच," करणसिंग म्हणाले. "ह्याच खळामां. आप्पासाहेब नव्हतात."

आप्पा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नंदुरबारला होते. घरी भाग्येश होता. भाग्येश बट्ट्यांचं पीठ कुठवर आलं ते बघायला निघाला होता, पण मोहनबाई वाटेत उभ्या होत्या.

"सकाळे बादलनं दावं तुटेल व्हतं," तो शेवटी म्हणाला. "मी परत बांधी दिन्हं."

"आन सांगं नई?"

"माले कोनी इचारं नई, आत्याबाई."

"इमावाला ना तू?" मोहनबाई म्हणाल्या, आणि यावर तुळशीबाई बाजरीचं घमेलं घेऊन आल्या होत्या त्या तशाच घमेलं धरून खाली बसल्या, इतकं हसू त्यांना आलं.

त्यानंतर भांडण कायद्याच्या हाताबाहेर गेलं. करणसिंगांचं म्हणणं, सौदा मोडायचा नाही, घोडी माझी आणि बापही माझा, तेव्हा शिंगरू दोन्हीकडून माझं. आप्पांचं म्हणणं, घोडी खाली म्हणून विकली, पोटातलं विकलंच नाही. भाग्येशचं म्हणणं, दावं मी पुन्हा बांधलं, माझाही काही वाटा धरा. मोहनबाईंनी सगळ्यांना अंघोळीला हाकललं. लोक हसत हसत पांगू लागले. मांडवात कुणीतरी सनईची कॅसेट लावली. दिवस पुन्हा रुळावर आला होता.

*

रुचिका मोरणीशेजारीच उभी होती. आता काही बोलायची गरज नव्हती. वकिलीचा तो प्रश्न हसण्यात वाहून गेला होता. कुणी पुन्हा काढला नसता. अकराला कुंकू लागलं असतं. तीन वर्षं फार नसतात.

सोमवारी धडगावला तिची तारीख होती. तिथल्या एका जीपवाल्याला घाटात उलटलेली जीप "एका हाताची, कधी न ठोकलेली" म्हणून विकली होती. विकणाऱ्याचा वकील प्रत्येक तारखेला म्हणायचा, आमच्या अशिलाला विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. प्रत्येक तारखेला ती उठून त्यावर बोलायची.

तिने मेंदीचा हात वर केला आणि मोरणीची आयाळ मुठीत धरली.

"जिभाऊ," तिने हाक मारली. "आत्याबाई."

करणसिंग टॉवेल खांद्यावर टाकून वळले. त्यांची नजर आधी तिच्या मुठीवर गेली. मागची माणसं थांबली. आयाळ धरलेली दिसली की थांबायचं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आता ती कोर्टाच्या मराठीत बोलली नाही.

"लगीन व्हयनं तरी मी वकिली सोडाव नई. धडगाव बी सोडाव नई. आप्पासनी तुमले दुसरं सांगं, कारन त्यासले तसंच वाटनं. त्यासनी माले इचारेल नव्हतं. त्या शब्दवर तुम्हीन सोयरीक करी व्हई ते मोडानं का ठेवानं, हाई तुमना हातमां शे. आमना नई."

शिंगराला दूध सापडलं होतं आणि ते मोठ्याने चुटूचुटू पीत होतं. तेवढाच आवाज खळ्यात होता. तिने कुंदनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मूठ सुटली असती.

"माले माहीत व्हतं," कुंदन म्हणाला. "तिनी माले फेब्रुवारीमांच सांगं."

"आन तू आमले सांगं नई?" मोहनबाई म्हणाल्या.

"तुम्हीन..." तो सुरू झाला आणि भाग्येशकडे बघून थांबला. मग त्याने हौदापासूनचं अंतर ओलांडलं, मोरणीच्या दुसऱ्या बाजूला आला आणि हात लांब करून, तोंड वळवून, आयाळीचं टोक दोन बोटांत धरलं. "आते माझं बी ऐका. आत्यानी बैठकमां सांगं, आमना कुंदन घोडावरच वाढना. मी घोड्यावर बसत नाही. आठवीत बादलच्या बापाने पाडलं, तेव्हापासून. आज शिंगरू झालं म्हणून मी वाचलो."

मोरणीने मान झटकली. कुंदन चार हात मागे उडाला. खळ्याने हसू दाबलं, कारण करणसिंग हसत नव्हते.

ते रुचिकाजवळ आले. "कितला दिन जास तू धडगावले?"

"दोन. कधी तीन."

"घाट शे."

"हा."

"परतानी येय व्हस का संध्याकाळे?"

"दिवाबत्तीपर्यंत."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसतं ऐकलं म्हणून, हे कळलं नाही. मग ते खाली वाकले, शिंगराच्या पायांवरून हात फिरवला, खुरं दाबून पाहिली आणि अंघोळीला निघून गेले.

आप्पा लिंबाच्या पारावर बसले होते. रुचिका शेजारी जाऊन बसली.

"माले वाटनं, तू सोडशी," आप्पा म्हणाले. "तुनी आईनी सोडं. मन्ही मायनी सोडं. म्हनीसन वाटनं."

"इचारानं ना, आप्पा."

"हा." त्यांनी काठीने गवत सारखं केलं. "घोडीले बी इचारं नई, तुले बी इचारं नई." आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून नव्हे तर खरोखरच कौतुकाने, "पन आयाळ भारी धरी तू."

*

साखरपुडा साडेअकराला झाला. कुंदन वेशीपासून पायी आला आणि एवढ्या आनंदाने पायी येणारा नवरदेव वाजंत्रीवाल्यांनीही पाहिला नव्हता. मोहनबाईंनी रुचिकाला कुंकू लावलं, ओटी भरली आणि साडीची घडी हातात देताना तिच्या कानात म्हणाल्या, "मन्हा जेठ पाच वरीसपासून मन्ही जमीन खाई ऱ्हायना. सवडमां सांगसू." करणसिंग जवळच उभे होते. त्यांनी नको म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. त्यांनी वरण-बट्टीच्या पंगतीत आप्पांना शेजारी बसवून घेतलं आणि तीनदा तूप वाढायला लावलं.

भाग्येशने आडोशाला बहिणीला गाठलं. "जिभाऊ चूप शेतस. म्हंजे हो ना?"

"कायद्यात गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे," रुचिका म्हणाली.

"मंग काय शे?"

"गप्प बसणं."

पाच वाजता गाड्या निघाल्या. एवढ्याशा शिंगराला टेम्पोत चढवता येत नव्हतं, म्हणून मोरणी म्हसावदलाच राहिली. शिंगरू पायात बळ धरेपर्यंत, असं दोघांनी ठरवलं आणि पुढचं काही ठरवलं नाही. आप्पांनी लिंबाखाली खाट आणून टाकली होती.

करणसिंग गाडीत बसले, मग काच खाली करून त्यांनी रुचिकाला जवळ बोलावलं.

"सोमवारे येसू म्हनतस. शिंगरू देखाले. घर शे का तू?"

"सोमवारी धडगावला आहे, जिभाऊ. तारीख शे."

त्यांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. ड्रायव्हरने गाडी चालू केली.

"मंग मंगळवारे येसू," ते म्हणाले आणि काच वर गेली.

शिंगरू कुणाचं, हे अजून ठरलेलं नाही.